गाडीखालची टोपणं

सावकाशला गाडी पसंत पडली आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

सावकाश हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. उभा जन्म ट्रक चालवण्यात गेला, पण दुसऱ्याच्या अंगावर गाडी घालून पुढे घुसणं त्याला कधी जमलं नाही, आणि माल उशिरा पोचला अशी तक्रारही कधी आली नाही. जोडीदार ड्रायव्हरांनी चेष्टेने नाव ठेवलं, ते असं चिकटलं की बायको सोडली तर सगळं जग त्याला त्याच नावाने हाक मारायचं. बायको 'अहो' म्हणायची. रागावली की तेवढंही म्हणायची नाही.

तर हा सावकाश पन्नाशी उलटल्यावर स्वतःची गाडी करायला निघाला. विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून लीजवर. म्हणजे गाडी कंपनीची, चालवायची आपण, दर महिन्याला हप्ता भरायचा, आणि शेवटचा हप्ता भरला की गाडी आपल्या नावावर. ऐकायला इतकं गोड की ऐकणाऱ्याने जरा थांबून घोटभर पाणी प्यावं. सावकाश थांबला नाही. आयुष्यात एकदाच घाई केली, ती नेमकी इथे.

घाईला कारण होतं, आणि ते कारण घरात काठी टेकत चालत होतं. मागच्या थंडीत बायको दिवा बदलायला म्हणून स्वयंपाकघरात स्टुलावर चढली. स्टूल कलंडलं, खुब्याचं हाड मोडलं. फोन बाहेरच्या खोलीत राहिलेला. सावकाश तेव्हा दोन दिवसांच्या वाटेवर, केबिनमध्ये गाणी ऐकत मजेत होता. बाई रात्रभर फरशीवर पडून राहिली, आणि गारठा सोसवेना तेव्हा ओट्याखालचं पुसायचं फडकं ओढून तिने अंगावर घेतलं. सकाळी शेजारीण साखर मागायला आली, म्हणून कळलं तरी. हाड पुढे जुळलं, पण ते फडकं सावकाशच्या डोळ्यांपुढून हलेना. लांबच्या फेरीवर असला की संध्याकाळी तो घरी फोन करायचा, आणि तिने उचलायला जरा वेळ लावला की स्टेअरिंगवरचे हात घामाने ओले व्हायचे. भीती वाटायची त्याला. दुसरा शब्द नाही त्याला.

मालकाला म्हणाला, जवळचे फेरे द्या. मालक म्हणाला, जवळचे फेरे सगळ्यांनाच हवे असतात. मग कुणीतरी लीजचं कानात घातलं. आपली गाडी, आपली मर्जी. जवळचाच माल उचलायचा आणि दिवेलागणीला घरी.

दुसरीही एक वाट होती, ती सांगायला हवी. शेजारणीच्या नवऱ्याने सांगून ठेवलं होतं की शहराच्या कचरागाडीवर ड्रायव्हर हवाय, पहाटे कामाला लागायचं, दुपारी मोकळं. सावकाशने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

"भरल्या गाडीने घाट उतरवलेत मी," तो बायकोला म्हणाला. "आता गल्लीबोळात डबे उपडे करत फिरू?"

काठी भिंतीला टेकवून बायकोने भाजी चिरायला घेतली.

गाडी बघण्यात मात्र सावकाशचा हात धरणारा कोणी नव्हता. यार्डात गेला तो सकाळी, इंजिन गार असताना. दुपारी गेलं तर देणारा आधीच इंजिन तापवून ठेवतो आणि मग मरायला टेकलेलं इंजिनही पहिल्या फटक्याला चालू होतं, हे त्याला पुरतं ठाऊक. आधी बॉनेटवर तळहात ठेवून गार असल्याची खात्री केली, मगच चावी फिरवली. मागे जाऊन धुराचा रंग बघितला. टायर आतल्या कडेने झिजलेत का, ते बोटं फिरवून पाहिलं. चॅसीवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी एकेक आकडा जुळवून घेतला. यार्डातली माणसं म्हणाली, एक चक्कर मारून या. हा म्हणाला, रिकामी गाडी काय, सगळ्यांचीच चांगली असते, हौद्यात वजन टाका. त्यांनी कपाळाला हात लावला आणि वाळूची पोती चढवली. चढावर गाडी जरासुद्धा कुरकुरली नाही. उतारावर ब्रेक दाबला तर जागच्या जागी उभी राहिली.

शेवटी त्याने कडेला उकिडवं बसून गाडीखाली हात घातला. जिथे जिथे लोखंडावर लोखंड फिरतं तिथे ग्रीस भरायला एक बारीक तोंड असतं, आणि आळशी माणसाच्या गाडीत ही तोंडं मातीने बुजलेली असतात. इथे हाताला लागलं त्या प्रत्येक तोंडावर काहीतरी टोपडं घातलेलं होतं, बोटाच्या पेराएवढं, ग्रीसने माखलेलं. ते काढून बघावं तर आतलं तोंड लख्ख. खाली चिखल होता, म्हणून आडवं होऊन बघायचा त्याने कंटाळा केला. टोपडं चाचपडत पुन्हा जागेवर बसवलं.

"जो कोणी होता," तो हात पुसत म्हणाला, "त्याने पोटच्या पोरासारखी सांभाळलीय."

"म्हणून तर सांगतोय काका, उशीर करू नका," मॅनेजर म्हणाला. "आणखी एक जण मागे लागलाय."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं, सावकाश आधीच सावध झाला असता. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर, आल्यागेल्याला चहा. कराराचे कागद त्याने घरी न्यायलाही दिले. सावकाशने ते रात्री टेबलावर ठेवले, वरच्या पानावरचं आपलं नाव बरोबर आहे ना ते बघितलं, आणि जेवण होईपर्यंत गाडीचंच कौतुक केलं. क्लच कसा लोण्यासारखा, सीट कशी मऊ. माणूस मुलगी बघून आल्यासारखा बोलत होता.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग ताटं उचलता उचलता विचारलं, "अहो, गाडी आपली झाल्यावर सुट्टी कुणाकडे मागायची?"

"कुणाकडे म्हणजे? आपणच मालक."

"तेच तिथे विचारून या," ती म्हणाली. "माझ्यासाठी म्हणून विचारा."

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात खरंच विचारलं. मॅनेजर मनापासून हसला. "काका, मालकाला सुट्टी कोण देणार? मालकाने स्वतःच घ्यायची." सावकाशला उत्तर इतकं आवडलं की ते उत्तरच नाही हे त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही. खुर्ची पुढे ओढली, कागद समोर घेतले, मॅनेजरने पुढे केलेलं पेन घेतलं. उजव्या हातात पेन, डाव्या हातात टोपण.

सही करताना माणूस जरा वेळ काढतो. सावकाश तर सावकाशच. कागदावर जागा कुठे आहे ते शोधताना डाव्या हाताचा अंगठा टोपणावरून सहज फिरत होता. फिरता फिरता तो थांबला. बोटाच्या पेराएवढं. एका बाजूने बंद, दुसऱ्या बाजूने उघडं. कालच तर हे हाताला लागलं होतं.

तो उठला. "आलोच," म्हणाला, आणि पेन टेबलावर ठेवून यार्डात गेला. या खेपेला चिखलाची पर्वा केली नाही, गाडीखाली सरळ उताणा शिरला. एक टोपडं ओढून काढलं, पँटला पुसलं. पेनाचं निळं टोपण, खिशाला अडकवायची काडी मोडलेली. शेजारचं काढलं. तेही टोपण, लाल.

ट्रक ड्रायव्हरांच्या अख्ख्या लाइनीत हे करणारा एकच माणूस होता. पैलवान. वाऱ्याच्या दिवसात केबिनची काच वर करून बसावं इतका हडकुळा, म्हणून पैलवान. त्याचं म्हणणं असं की ग्रीसच्या तोंडात धूळ गेली की गाडीचं आयुष्य गेलं, आणि पेनाच्या टोपणाइतकं चपखल तिथे काही बसत नाही. त्यामुळे पैलवान ज्या ज्या ऑफिसात, ज्या ज्या वजनकाट्यावर जाऊन आला तिथे एकाही पेनाला टोपण उरायचं नाही. कारकून त्याला बघितलं की पेनं खिशात घालायचे. सगळे हसायचे, सावकाशही पोट धरून हसला होता.

पैलवानने मग स्वतःची गाडी केली होती. लांबच्या डेपोत होता, सावकाशने ती गाडी कधी बघितली नव्हती, फोनवर नुसतं ऐकलं होतं. पुढे पैलवानची पाठ गेली, डॉक्टरने ड्रायव्हिंग बंद केलं, म्हणून गाडी विकून टाकली, असं तो सगळ्यांना सांगायचा. आता बायपासला टायरचं दुकान चालवत होता.

विकली होती, तर ही गाडी कंपनीच्या यार्डात कशी? सावकाश चिखलात पडल्या पडल्या विचार करत होता. वर मॅनेजर वाकून विचारत होता, "काका, सगळं ठीक ना?"

"दुपारी येतो," सावकाश म्हणाला.

पैलवान दुकानात पाण्याच्या टाकीत ट्यूब दाबून बुडबुडे शोधत बसला होता. सावकाशला बघून खूश झाला, स्टूल पुढे सरकवलं, आणि आठवण झाल्यासारखा कमरेवर हात ठेवून हळूच वाकडा झाला. सावकाशने दोन टोपणं टाकीच्या काठावर ठेवली.

पैलवानने त्यांच्याकडे बघितलं. मग पुन्हा ट्यूब पाण्यात दाबली.

"कुठली गाडी?" त्याने विचारलं.

"निळी. यार्डात उभी आहे."

"तांबडी होती. रंगवली वाटतं." त्याने ट्यूब पाण्यातून बाहेर काढली. "कशी आहे?"

"एक नंबर आहे. खोट काढायला जागा नाही."

"अरे मग लेका," पैलवान एकदम चिडला, "असली एक नंबर गाडी कुणी आपणहून सोडेल का? एवढं इंजिन तपासलंस, टायर चाचपलेस, आणि हे नाही विचारलंस?"

सावकाश वरमला. सगळं आयुष्य गाडी बघायला शिकण्यात गेलं होतं, आणि गाडी जितकी चांगली तितका कागद वाईट असू शकतो हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

मग पैलवानने सांगितलं. सलग नाही, ट्यूब घासत, ठिगळ लावत, अधूनमधून शिव्या घालत. माल उचलायचा तो फक्त कंपनी देईल तोच. बाहेरचा एक खोका जरी उचलला तरी करार मोडला. कंपनीने दिलेला माल नाकारला तरी करार मोडला, मग तो माल जगाच्या दुसऱ्या टोकाला का जाईना. आई आजारी म्हणून त्याने एकदा नाही म्हटलं, तर पहिली नोटीस आली. दुरुस्ती सगळी आपल्या अंगावर, तीही त्यांच्याच गॅरेजात. आणि शेवटी शेवटी, अगदी घाट संपून सपाटी दिसायला लागावी तसं झालं असताना, गिअरबॉक्स गेला. गॅरेजवाल्यांनी गाडी महिना सव्वा महिना अडकवून ठेवली. गाडी उभी, म्हणजे कमाई उभी. हप्ता मात्र चालू. एक चुकला, दुसरा चुकला, की गाडी परत.

"आणि आधी भरलेलं?"

"ते भाडं होतं म्हणे. भाडं कुणी परत देतं का?" पैलवानने टाकीत हात धुतले. "नवीन गिअरबॉक्स माझ्या पैशाचा आहे त्यात. कसा पडतो रे गिअर?"

"लोण्यासारखा," सावकाश हळूच म्हणाला, आणि म्हणाल्यावर त्याला लाज वाटली.

"कुणाला बोलला का नाहीस?" त्याने विचारलं. "मला तरी फोन करायचास."

"काय सांगू? गाडी ओढून नेली म्हणून सांगू?" पैलवान म्हणाला. "पाठ गेली म्हटलं की माणसं बसायला खुर्ची देतात. गाडी नेली म्हटलं की म्हणतात, याला हप्तासुद्धा भरता आला नाही."

सावकाश म्हणाला, "चल माझ्याबरोबर. तिथे आणखी एक जण घ्यायला टपलाय. त्याला सांग."

"मी नाही येणार," पैलवान म्हणाला. "तू सांग. टोपणं घेऊन जा."

सावकाश एकटाच गेला. ऑफिसात बसून त्याने बायकोचा प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी सरळ: मी दिवेलागणीला घरी पोचणारे फेरेच घेईन, लांबचा माल नाकारला तरी करार मोडणार नाही, असं लिहून द्याल का? गाडी तुमच्या गॅरेजात उभी असेल तेवढे दिवस हप्ता थांबेल, असं लिहाल का? मधेच सोडायची वेळ आली तर भरलेल्यातलं काही हाती लागेल का?

मॅनेजर हसला नाही. "काका, करार सगळ्यांना एकच असतो," तो म्हणाला. "माझ्या हातात काही नाही." खरं बोलत होता बिचारा. त्याच्या हातात खरंच काही नव्हतं, फक्त पेन होतं.

"मग नको," सावकाश म्हणाला. म्हणायला सोपं गेलं. पण संध्याकाळी घरी असण्याचं स्वप्न तिथे टेबलावर राहिलं, आणि लांबचे फेरे आणि तो ओला होणारा हात, हे सगळं परत त्याच्या वाट्याला आलं.

बाहेर यार्डात दुसरं गिऱ्हाईक आलंच होतं. दाढीवाला, सावकाशपेक्षा पंधराएक वर्षांनी लहान, टायरला लाथा मारून बघत होता. तोंडावर तोच आनंद, कालचा सावकाश जसा. सावकाश त्याच्याजवळ गेला आणि सगळं सांगितलं. टोपणं दाखवली.

दाढीवाल्याने टोपणं बघितली, सावकाशला बघितलं. "काका, तुम्हीही हीच गाडी बघायला आला होता ना काल?" तो म्हणाला. "तुम्हाला मिळाली नाही म्हणून मला पिटाळताय होय. चांगलंय." आणि तो ऑफिसच्या दिशेने चालायला लागला.

आता बोला. पेनाची दोन टोपणं दाखवून कुणाला काय पटणार? सावकाश हात चोळत उभा राहिला.

तेवढ्यात फाटकातून स्कूटर आत आली. पैलवान. दुकानातलेच तेलकट कपडे, हात तसेच काळे. स्कूटर लावली. गाडीला एक फेरी मारली, दारावर हात ठेवला, जरा वेळ तसाच उभा राहिला. यार्डातली माणसं बघायला लागली. त्यांतली दोघं त्याला ओळखत होती, त्यांनाही पाठीचीच गोष्ट ठाऊक होती, एकाने धावत जाऊन खुर्ची आणली. "बसा पैलवान, तुमची पाठ."

पैलवानने खुर्चीकडे बघितलं. मग सगळ्यांच्या देखत गुडघे टेकले, उताणा झाला आणि सापासारखा सरपटत गाडीखाली गेला. खालून एकेक टोपण बाहेर फेकायला लागला. निळं, काळं, लाल, हिरवं. बघतही नव्हता कुठे आहे, हात आपसूक जागेवर जात होता. दाढीवाला पायरीवर थांबला.

पैलवान बाहेर आला, ताठ उभा राहिला, आणि मोठ्याने म्हणाला, "ही माझी गाडी होती. विकली नाही मी. हप्ता चुकला म्हणून ओढून नेली. पाठ माझी धडधाकट आहे."

कुणी हसलं नाही. खुर्ची आणणाऱ्याने खुर्ची हळूच मागे नेली. दाढीवाला पायरी उतरून परत आला आणि म्हणाला, "काका, जरा पहिल्यापासून सांगाल?" पैलवान फूटबोर्डवर बसला आणि सांगायला लागला. सावकाशने खाली पडलेली टोपणं गोळा करून त्याच्या खिशात घातली. त्या हडकुळ्या माणसाकडे बघताना त्याचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी तो स्वतःलाच मनातल्या मनात दोन शब्द सुनावत होता. ते कुठले, ते संध्याकाळी कळलं.

घरी आला तेव्हा बायको दारातच उभी होती. पँटवरचा चिखल बघून म्हणाली, "झाली का गाडी?"

"नाही केली."

ती पाणी आणायला वळली, काठी टेकत.

"सोमवारपासून कचरागाडीवर जातोय," तो तिच्या पाठीला म्हणाला. "येताना तिकडूनच आलो. नाव घातलंय. दुपारी मोकळा."

ती थांबली. मग म्हणाली, "अहो, ओळखीची माणसं भेटतील गल्लीगल्लीत."

"भेटू देत."

"अंगाला वास येईल."

"येईल."

"बरं," ती म्हणाली. "मग पाणी तापवून ठेवत जाईन." आणि स्वयंपाकघरात गेली. तिथला दिवा तिने लावला नाही, कारण तो पुन्हा गेला होता. "अहो," तिने आतूनच हाक मारली, "स्टूल घ्या जरा, दिवा बदला."